कुंची पिक्चरला गेली

मी एक जुनी कुंची आहे, मित्रांनो. तान्ह्या बाळाची, झबल्यासोबतची नव्हे. बॉम्ब पडले तर डोकं वाचावं म्हणून तोक्योतल्या बायका कापूस ठासून शिवायच्या, त्यातली.

तोकिए नावाच्या बाईने मला नवऱ्याच्या निळ्या किमोनोतून बेतलं. गल्लीचा प्रमुख घरोघर तपासणीला यायचा. मला उलटसुलट करून तो म्हणाला, "टाका बारीक आहे. आता आगीची भीती नाही." कापूस आगीपासून वाचवतो, हे वरून आलेलं ज्ञान. ज्यांनी ते पाठवलं त्यांची डोकी सिमेंटच्या तळघरात होती.

मार्चमध्ये विमानांतून आग आली. तोकिए कालव्यात उतरली, म्हणून ती उरली आणि तिच्या डोक्यावरची मी उरले.

लढाई संपली. घडी घालून माझी बैठक केली. नऊ वर्षं लोक माझ्यावर बसले. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या आगीनंतर कशाचंच वाटत नव्हतं. तोकिएलाही नसावं. ती भात शिजवायची, शिवणयंत्र चालवायची, विचारलं तर 'हं' म्हणायची.

एका रविवारी दुपारी तिची धाकटी, मित्सुयो, तिला ओढत पिक्चरला घेऊन गेली. थेटरातली बाकडी लाकडी, म्हणून तोकिएच्या बुडाखाली मीही गेले.

काळ्या-पांढऱ्या समुद्रातून डोंगराएवढं जनावर वर आलं. पोरं किंचाळली. तोकिए सुकवलेला माकूल मासा चघळत होती. जनावराने पूल मोडला, तरी चघळतच होती. मग पडद्यावर भोंगा वाजला, बॉम्बची विमानं यायच्या आधी वाजायचा तसाच.

तोकिए उठली. मला ओढून तिने मित्सुयोच्या डोक्यावर चढवलं. "सुमी, चल."

मागून एक जण म्हणाला, "बाई, खाली बसा. राक्षस तुमच्या अंबाड्यात अडकलाय."

"रबराचा आहे हो तो," दुसरा हसला.

पुढच्या रांगेत दोन म्हाताऱ्याही उठल्या होत्या, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. मग कुणी हसलं नाही.

तोकिएची बोटं माझ्या नाड्यांपाशी आली आणि थांबली.

"आई, सुमी कोण?"

"तुझी बहीण." ती खाली बसली. "तू पोटात होतीस."

"कधी बोलली नाहीस."

"तिच्या कुंचीत ठिणगी गेली. पळताना पडू नये म्हणून मी पक्की गाठ मारली होती. सुटेना." पडद्यावरची नजर न काढता, भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलली.

मित्सुयोने मला काढलं नाही. नाड्या मोकळ्या सोडून, आईचा हात धरून तिने उरलेला पिक्चर पाहिला. जनावर मेलं.

"त्याला पाठवलं कुणी होतं?" तोकिएने विचारलं.

आता मित्सुयोने मला डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवलंय. मित्रांनो, मला जपू नका. मी कुणाला वाचवलं नाही. घरात ज्यांचं नाव कुणी काढत नाही, त्यांचं नाव विचारा. आई गप्प राहिली तरी विचारा. आणि उद्या कुणी तुमच्या आईला कापूस शिवायला सांगू लागला, तर त्याची स्वतःची पोरं कुठे आहेत, तेवढं आधी बघा.