बारक्या अंमलदाराचं विमान

सार्जंट गोनेरी रुझिकला आयुष्यात कुठलंही इंजिन नाही म्हणालं नव्हतं. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सार्डिन मासळी पकडणाऱ्या होड्यांची इंजिनं त्याने मिसरूड फुटायच्या आधीच खोलून बसवली होती, आणि युद्धात अमेरिकन, इंग्रज, एकदा तर जर्मन विमानाचंही इंजिन त्याने शिव्या देऊन चालू केलं होतं. पण सायगॉनच्या तळावर, सेहेचाळीस सालच्या मार्च महिन्यात, गवतात उभी असलेली चार जपानी लढाऊ विमानं त्याच्याकडे ढुंकून बघायला तयार नव्हती.

खरं तर या फ्रेंच तुकडीला इंग्रजांची जुनी स्पिटफायर विमानं मिळायची होती. ती जहाजावर होती आणि जहाज कुठे होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. हनोईपासून खालपर्यंत सगळा मुलूख फ्रेंचांविरुद्ध पेटायला आलेला, आणि तुकडीकडे वैमानिक बारा नि विमानं शून्य. तेव्हा कॅप्टन बोदारने गवताकडे बोट दाखवलं. "जपानी सोडून गेलेत ती उडवा. येत्या गुरुवारी जनरलसाहेब तपासणीला येतायत. डोक्यावरून एक तरी विमान गेलं पाहिजे."

"साहेब, त्यातली अक्षरं वाचता येत नाहीत," रुझिक म्हणाला.

"विमान म्हणजे विमान. त्याला वाचायचं काय?"

पहिल्या दिवशी रुझिकने चोक समजून एक दांडी ओढली, तर पंखाची मागची फळी धाडकन खाली आली आणि खाली वाकलेल्या कॉर्पोरलच्या टाळक्यात बसली. दुसऱ्या दिवशी त्याने ती दांडी सोडून बाकी सगळ्या ओढून पाहिल्या. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. हँगरच्या दाराशी निशिवाकी नावाचा एक जपानी कैदी झाडू मारत होता. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघणाऱ्यांपैकी एक, चाळिशीचा, काटकुळा. त्याने झाडू थांबवून एकदा इंजिनाकडे पाहिलं आणि पुन्हा झाडायला लागला.

तिसऱ्या दिवशी रुझिक जीप घेऊन सायगॉनच्या चिनी वस्तीत, चोलॉनला गेला आणि ख्वाच नावाच्या चिनी वैद्याला घेऊन आला. महिनाभरापूर्वी याच वैद्याने त्याची हगवण कसल्याशा कडू काढ्याने थांबवली होती. मिशनच्या शाळेत शिकलेला, फ्रेंच फर्डं बोलायचा, आणि त्याच्या दुकानातल्या दोनशे खणांवर जी अक्षरं होती तशीच विमानात होती, हे रुझिकच्या लक्षात आलं होतं.

ख्वाच छत्री टेकत विमानाभोवती एक फेरी मारून आला, रोग्याला बघावं तसा. मग पंखावर चढून आत डोकावला.

"अक्षरं आमचीच आहेत," तो म्हणाला. "मधे मधे ही गांडुळं घातलीयत ती जपान्यांची. ती मला येत नाहीत."

"गांडुळं सोडा, वैद्यबुवा. जे येतं ते सांगा."

"इथे लिहिलंय, पाय."

"कोणाचे?"

"ते नाही लिहिलं. वर केलं की पाय वर, खाली केलं की पाय खाली."

"म्हणजे चाकं," रुझिक म्हणाला आणि त्याने कागदाच्या चिठ्ठीवर फ्रेंचमध्ये 'चाकं' लिहून डकवलं. असं तासभर बरं चाललं. तेल, थंड, उघडा, मिटा, धोका. मग ख्वाच एका पितळी चावीपाशी अडला. डोळे बारीक करून त्याने दोनदा वाचलं.

"काय झालं?"

"इथे लिहिलंय, इंधन कापून बदलणारा बारका अंमलदार."

"कोण?"

"बारका अंमलदार. शिपायाच्या वर, साहेबाच्या खाली." ख्वाचने रुझिकच्या दंडावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "साधारण तुमच्यासारखा."

"माझा काय संबंध?"

"खाली असंही लिहिलंय की उड्डाणाच्या वेळी बारक्या अंमलदाराला बंद करू नये."

पंखावर बसलेले दोघे मेकॅनिक एकमेकांकडे न बघता खाली उतरले. रुझिकचे कान लाल झाले. तो काही बोलणार तेवढ्यात हँगरच्या दाराशी कोणीतरी शिंकल्यासारखा आवाज केला. निशिवाकी झाडूवर कपाळ टेकून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"हा हसतोय," रुझिक म्हणाला. "म्हणजे याला कळतंय."

फ्रेंच निशिवाकीला कळत नव्हतं. पण चावीपाशी बोट ठेवून सार्जंटच्या पट्ट्यांकडे बघणारा चिनी माणूस त्याने पाहिला होता, आणि उरलेलं त्याचं त्याने जुळवलं होतं. ख्वाच खाली उतरला, खिशातून खडू काढला आणि हँगरच्या फरशीवर ते अक्षर लिहून पुढे प्रश्न लिहिला. जपानी बोलणं एकाला येत नव्हतं आणि चिनी दुसऱ्याला, पण लिहिलेलं दोघांनाही अर्धंमुर्धं कळत होतं. निशिवाकीने वाकून नमस्कार केला, खडू घेतला आणि शेजारी एक सुबक चित्र काढलं. नळी, आणि नळीत झडप.

"झडप आहे," ख्वाच म्हणाला. "जपानी लोक झडपेला हे अक्षर वापरतात. आम्ही त्याला अंमलदार म्हणतो. माझी काही चूक नाही."

"विचारा त्याला, तो विमानांवर काय काम करायचा?"

खडू फिरला. "म्हणतो, याच चार विमानांचा मिस्त्री होता. तीन वर्षं."

रुझिक एका खोक्यावर बसला. "मग विचारा, इंजिन का लागत नाही?"

निशिवाकीने खडू खाली ठेवला. तो झाडू घेऊन बाहेर गेला, संडासाच्या मागे झाडूच्या दांड्याने उकरायला लागला आणि थोड्या वेळाने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आत तेलकट कागदात, तान्ह्या पोरासारखे गुंडाळलेले, ठिणगी वाटून देणारे चार बारीक भाग होते. एकेका इंजिनाचा एकेक.

फरशीवर आता जागा कमी पडायला लागली होती. ख्वाच गुडघ्यांवर सरकत वाचत होता. "शरण जाताना विमानं मोडून टाका, असा हुकूम होता. याच्याने मोडवेना. म्हणून एवढंच काढून पुरलं आणि वर कळवलं की विमानं निकामी केली. म्हणतो, खोटं नाही कळवलं."

"आणि तीन दिवस हा माझी मजा बघत होता? का नाही सांगितलं?"

ख्वाचने लिहिलं. निशिवाकीने फार आदराने दोनच ओळी लिहिल्या.

"म्हणतो, मला झाडायला सांगितलं होतं. इंजिनाबद्दल कोणी विचारलं नाही."

रुझिक इतका हसला की कॉर्पोरल टाळकं चोळत बघायला आला. त्याने खिशातलं सिगारेटचं अख्खं पाकीट निशिवाकीच्या हातात ठेवलं, दुसऱ्या हातातला झाडू काढून घेतला आणि त्याजागी पाना दिला. संध्याकाळपर्यंत पहिलं इंजिन असं लागलं की गवत आडवं झालं. निशिवाकी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ऐकत राहिला. मग त्याने मान डोलावली.

बुधवारी दुपारी कॅप्टन बोदारच्या लक्षात आलं की विमानाच्या पंखांवर आणि अंगावर जपानचा लालभडक सूर्य तसाच आहे. "हे जनरलच्या डोक्यावरून न्यायचं का? आपला तिरंगी गोल काढा."

"वेळ नाही साहेब, आणि लाल रंग संपलाय," रुझिक म्हणाला. तो इंजिनात कोपरापर्यंत होता.

"अरे, लाल आहेच की. त्याच्याभोवती पांढरं कडं काढा, त्याच्याभोवती निळं. झाले तिन्ही रंग."

हुशारीची गोष्ट होती. सगळ्यांना पटली. कॉर्पोरलने दोरी आणि खिळा घेऊन अगदी गोल कडी काढली.

गुरुवारी दहा वाजता जनरलसाहेब आले. ठेंगणे, पांढरे हातमोजे, चेहऱ्यावर इतकी विमानं पाहिल्याचा कंटाळा. वैमानिक म्हणून लेफ्टनंट द सेरिझीला बसवलं होतं, कारण तो सगळ्यांत चांगला होता. तो सगळ्यांत उंचही होता, हे आत बसल्यावर कळलं. गुडघे हनुवटीला लावून तो उडाला. इंजिन गात होतं. बारका अंमलदार उघडा होता. पाय वर गेले. विमान नदीवरून वळलं, खाली आलं आणि जनरलच्या डोक्यावर ऐटीत एका अंगावर कललं.

तेव्हा रुझिकला पंख पहिल्यांदा खालून दिसला. आत लाल, मग पांढरं, बाहेर निळं. फ्रान्सच्या गोलात निळं आत असतं आणि लाल बाहेर. असा उलटा गोल दुनियेत एकाच हवाईदलाचा होता, आणि ते गेल्याच आठवड्यात, सायगॉन फ्रेंचांच्या हवाली करून, बॅग भरत होतं.

"कॅप्टन," जनरल वर बघतच म्हणाले, "इंग्रज गेले ना?"

"निरोपाला आले असावेत, साहेब," बोदार म्हणाला.

विमान उतरलं, आणि थेट पाहुण्यांसमोर येऊन थांबलं. द सेरिझी बाहेर निघेना. गुडघे अडकले होते. दोन मेकॅनिकांनी काखेत हात घालून त्याला बाटलीतल्या बुचासारखा ओढला. सलाम करायला तो उभा राहिला तोच दोन्ही पायांना मुंग्या आल्या आणि तो जनरलच्या छातीवर पडला. पडता पडता त्याने आपल्या गुडघ्यांना, विमानाला आणि जपानच्या उंचीला जे म्हटलं ते कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत.

जनरलनी त्याला सरळ उभं केलं. "फ्रेंच मात्र फार सफाईदार बोलतो हा इंग्रज," ते म्हणाले. मग ते विमानापाशी गेले, पंखावरून हातमोजा फिरवला, त्याला लागलेला ओला निळा रंग पाहिला, आणि जेवायला निघून गेले. अहवालात त्यांनी एकच ओळ लिहिली असं नंतर कळलं. तुकडीचा उत्साह चांगला आहे, रंगकाम शिकवावं.

गोल नीट केले गेले. दोन आठवड्यांत चारही विमानं उडायला लागली आणि मंगळवारी त्यांतली दोन दक्षिणेला, कालव्यांच्या मुलुखात, बॉम्ब बांधून गेली. परत आली तेव्हा पंखाखाली बॉम्ब नव्हते. शुक्रवारी निशिवाकीचं जहाज आलं. जाताना त्याने चारही इंजिनांवर एकेकदा हात ठेवला आणि रुझिकला वाकून नमस्कार केला. रुझिकलाही वाकावं लागलं. कमरेतून कसं वाकतात ते त्याला नीटसं जमलं नाही.

मग कॅप्टनला मशीनगन हव्या झाल्या. त्या अडकत होत्या, आणि त्यांच्या पेटीत एक लांबलचक पाटी होती. रुझिकने ती कागदावर उतरवून घेतली आणि चोलॉनला गेला.

ख्वाच दुकानात बसून मुळ्या तोलत होता. कागद त्याने हातात घेतला नाही.

"माझा चष्मा फुटलाय," तो म्हणाला.

चष्मा त्याच्या नाकावर होता. दोन्ही काचा स्वच्छ होत्या.

"कधी?" रुझिकने विचारलं.

"मंगळवारी. बायकोचं माहेर आहे तिकडे, कालव्यावर. अजून कोणाचं पत्र नाही."

रुझिकने पुढे केलेला कागद मागे घेतला. ख्वाचने एक मुळी उचलून तागडीत टाकली, एक काढली. मग विचारलं, "पोट कसंय?"

"बरंय."

"पाणी उकळून प्या."

तळावर आल्यावर कॅप्टनने विचारलं, "काय लिहिलंय पाटीवर?"

"वाचणारा मिळाला नाही, साहेब."

"आणि तुमचा तो चिनी वैद्य?"

"त्याला दिसत नाही."

बोदारने सुस्कारा सोडला आणि स्पिटफायरच्या जहाजाबद्दल आणखी एक तार लिहायला घेतली. रुझिकने कागदाची घडी करून खिशात घातली. पाटीवरची चार-पाच अक्षरं एव्हाना त्याला स्वतःलाच ओळखू यायला लागली होती. ते त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि त्याला कोणी विचारलंही नाही. तो हात धुऊन जेवायला गेला. त्या दिवशी डाळीचं सूप होतं, आणि ते करपलं होतं.