मुलींचा जिना

लायब्ररी बांधली तेव्हा कॉलेजात मुली नव्हत्याच. दगडी भिंती, उंच छत, उत्तरेला माणसाहून उंच खिडक्या आणि एकच लांबलचक दालन. पुढे मुलींना प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांना बसवायचं कुठे, हा प्रश्न पडला. मग एका टोकाला लाकडी माळा काढला, त्याला जाळी ठोकली आणि बाहेरच्या बाजूने अरुंद गोल जिना चढवला. मुलींनी मागून यायचं, मागूनच जायचं. पुस्तक हवं असेल तर शिपायाकडे चिठ्ठी द्यायची.

या लायब्ररीच्या दुरुस्तीचं काम मिळालेली आर्किटेक्ट जाळीच्या प्रेमातच पडली. एकेक पाकळी हाताने कोरलेली. ती पॉलिश करून तिच्यावर दिवे लावायचं तिने ठरवलं आणि नकाशा आत्याला दाखवला. आत्या याच कॉलेजात शिकली होती, पुढे दुसरीकडे गणिताची प्राध्यापक झाली.

"जाळी काढून टाक," आत्या म्हणाली.

"अगं, किती सुंदर काम आहे ते."

"तुला बाहेरून दिसते ना, म्हणून. मी आतून पाहिलीय."

मग तिने सांगितलं. परीक्षा तोंडावर आली होती आणि शिपाई सारखं भलतंच पुस्तक आणून देत होता. शेवटी ती जिना उतरली, वळसा घालून मोठ्या दारातून दालनात शिरली आणि कपाटातून पुस्तक स्वतः काढलं. सगळी मुलं माना वर करून बघत राहिली. ग्रंथपालांनी तिचं कार्ड परीक्षेपर्यंत बंद केलं आणि वडिलांना बोलावून घेतलं.

"आजोबा चिडले असतील."

"त्यांनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, पुस्तक बरोबर होतं ना? मग मी मैत्रिणीच्या पुस्तकावर अभ्यास केला. पास झाले."

आर्किटेक्टने चार दिवस विचार केला. कॉलेजच्या समितीला जाळी हवीच होती, नव्या माहितीपत्रकावर तिचाच फोटो जाणार होता. बैठकीत बरीच डोकेफोड झाली. अखेर जाळी उतरवून प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर लावायची आणि ती कशासाठी होती ते खाली स्पष्ट लिहायचं, असं ठरलं. आत्याला जिनाही नको होता. पण आग लागली तर दुसरी वाट हवी, असा नियम होता. जिना राहिला.

"नियमापुढे शहाणपण चालत नाही," आत्या कुरकुरली.

काम संपल्यावर आत्या मोठ्या दारातून आली, आतल्या नव्या पायऱ्यांनी माळ्यावर चढली आणि कठड्याला हात टेकून उभी राहिली. तिथून आता अख्खं दालन दिसत होतं.

"खिडक्या एवढ्या मोठ्या आहेत होय," ती म्हणाली. "त्या दिवशी मला पुस्तकाशिवाय काही दिसलंच नव्हतं."

मग टेबलाशी बसून तिने पुस्तक उघडलं आणि दिव्याचा उजेड कमी पडतो म्हणून तक्रार केली. तक्रार रास्त होती. भाचीने दिवे बदलून घेतले.