पिशवीवरचं रबर

टीमलीडने सगळ्यांना एकेक नमुना वाटला आणि यात पाणी मुरतंय, हे मावशीने तिथल्या तिथे ताडलं. मावशी म्हणजे ऑफिसची मावशी. वय अठ्ठेचाळीस, त्यातली तेवीस वर्षं प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेली. लोक तिला प्रेमाने मावशी म्हणतात की वयावरून टोमणा मारतात, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

प्रकार असा होता. कंपनीचे जुने प्रोग्रॅम आता फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या पद्धतीने नव्याने लिहायचे होते. नुसती पुस्तकं वाचून ते डोक्यात शिरत नाही, म्हणून टीमलीडचं म्हणणं पडलं की खऱ्याखुऱ्या कामाच्या ॲप्लिकेशनचे नमुने घ्या, त्यांची चिरफाड करा आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर समजावून सांगा. ज्याला जमेल तो नव्या टीममध्ये. बाकीच्यांनी जुनं काम सांभाळायचं, आणि जुनं काम वर्षअखेरीस बंद होणार होतं. पुढचं कोणी बोललं नाही, पण ते न कळण्याइतकं दूधखुळं तिथे कोणीच नव्हतं.

इतरांना सिनेमाची तिकिटं, वाचनालय, पार्किंग असले नमुने मिळाले. मावशीला मिळाली रक्तपेढी. आता रक्तपेढीचा जुना प्रोग्रॅम आठ वर्षांपूर्वी कोणी लिहिला होता? मावशीनेच! नमुना उघडून बघते तर आत तिचेच नियम. दुर्मिळ गटाच्या शेवटच्या दोन पिशव्या मोठ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत, हासुद्धा. दोनच का, तीन का नाहीत, हे फक्त तिला आणि रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला माहीत होतं.

"मला सगळ्यांसमोर उघडं पाडायचा डाव आहे," ती घरी नवऱ्याला म्हणाली.

"अगं, तुझाच विषय दिलाय. सोपा पेपर आहे."

"सोपा पेपर कोणी फुकट देत नाही."

"मी लग्नाचं विचारलं तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस," नवरा म्हणाला आणि भांडी पुसत राहिला.

गुरुवारी सकाळी टीमलीड तिच्या टेबलापाशी घुटमळला. "मावशी, सापडलं का काही?"

काय सापडायला हवंय याला? त्याच्या पाठीकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग काचेच्या केबिनमध्ये तो मॅनेजरला काहीतरी सांगताना दिसला आणि मॅनेजरने नेमकं तिच्याच दिशेला पाहिलं. झालं. हा कुठे चुकलाय ते शोधूनच काढते, असं म्हणून तिने कंबर कसली.

नव्या पद्धतीचा पहिला नियम असा की असलेली यादी खोडून बदलायची नाही. ती तशीच ठेवून नवी यादी बनवायची. मागण्या एकामागून एक घ्यायच्या आणि पिशवी मोकळी आहे का हे बघणं नि ती राखून ठेवणं, हे एकाच दमात करायचं. एवढा खटाटोप कशाला, असं तिला वाटलं. तिचा प्रोग्रॅम आधी बघतो, मग चार ओळींनंतर खूण करतो. काय बिघडलं?

आणि तिथेच तिचा हात थांबला. त्या चार ओळी चालू असताना दुसऱ्या काउंटरने तीच पिशवी बघितली तर?

तिने स्क्रीनवर आपल्या जुन्या प्रोग्रॅमच्या दोन खिडक्या उघडल्या, साठ्यात एकच पिशवी ठेवली आणि दोन्हीकडून मागणी केली. तिसऱ्या प्रयत्नात दोन्ही खिडक्यांनी एकदमच सांगितलं, पिशवी राखून ठेवली आहे. पिशवी एक, रुग्ण दोन. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तिची गत झाली. चार दिवस ती सगळ्या जगावर संशय घेत होती, फक्त स्वतःवर सोडून.

मग आठ वर्षांत एकही तक्रार कशी आली नाही? तिला रबर आठवलं. तो तंत्रज्ञ प्रत्येक राखलेल्या पिशवीला रुग्णाच्या नावाची चिठ्ठी रबर लावून अडकवायचा, म्हणजे ती चुकून दुसऱ्याला जायची नाही. गेल्या वर्षी भेटीला गेली तेव्हा तिला तो अपमान वाटला होता. "प्रोग्रॅमवर विश्वास नसेल तर बंद करून टाका," ती म्हणाली होती. तो म्हणाला, "विश्वास आहे की. पण रबर स्वस्त आहे." तिने त्याच्या साहेबांकडे तक्रार केली आणि साहेबांनी रबर बंद करायला लावलं होतं.

गप्प बसावं, शुक्रवार उरकावा, मग गुपचूप दुरुस्त करावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. चूक कबूल केली तर नवी टीम विसरायची. तिने रक्तपेढीतल्या त्या तंत्रज्ञाला फोन लावला, अगदी सहज केल्यासारखा.

"काय हो, रबर लावता का अजून?"

तो घाईघाईने म्हणाला, "छे हो मावशी. तुम्ही सांगितल्यापासून बंद. एकदम बंद."

तिने फोन ठेवला आणि तडक काचेच्या केबिनमध्ये शिरली. दोन्ही खिडक्या दाखवल्या. "हे तुला माहीत होतं ना? म्हणूनच मला रक्तपेढी दिलीस."

टीमलीडचा चेहरा पांढरा पडला. "मला कुठलं माहीत? मी फक्त तुमचे नियम नव्या पद्धतीत लिहिले. त्या दोन पिशव्यांचं कारण कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. तुम्ही शुक्रवारी सांगाल असं वाटलं."

"ते सांगेन. आधी हे बघ."

"आधी एक काउंटर बंद करायला सांगा. दुरुस्तीला आत्ताच बसू." मग तो म्हणाला, "आणि उद्या हेच सांगाल का सगळ्यांना?"

ती हो म्हणाली. नव्या टीमचं तिने विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही.

तिने पुन्हा फोन लावला. "एक काउंटर आत्ताच्या आत्ता बंद करा. एकच पिशवी दोघांना जाऊ शकते. चूक माझी आहे. आठ वर्षांपासूनची."

मग तो हळूच म्हणाला, "मावशी, रागावू नका. रबर लावतोच मी. मघाशी वाटलं, तुम्ही तपासायला फोन केलाय."

मावशी खुर्चीत बसली. तिला रडू आवरेना.

"सोडू नका," ती म्हणाली. "दुरुस्त झालं असं मी स्वतः सांगितलं, तरी सोडू नका."