किल्लीबाबाचं फडकं

सेल्फ मारला की इंजिन घुर्रर्र घुर्रर्र फिरायचं, दोनदा खोकायचं आणि पुन्हा मेल्यासारखं गप्प व्हायचं. चढ संपतो तिथे भर दुपारी ती पेट्रोलवर चालणारी म्हातारी व्हॅन अडून बसली होती आणि तिच्याभोवती जत्रा जमली होती. व्हॅनमधले प्रवासी उतरले होते, मागचे मोटारसायकलवाले थांबले होते, टपरीवरचे रिकामटेकडे हातातल्या चहासकट धावले होते. गाडी बंद पडल्याचं दुःख कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेच बघायला सगळे थांबले होते.

"आले, आले! बाबा आले!"

रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधून किल्लीबाबा बाहेर पडला. गळ्यात जुन्या किल्ल्यांचा जुडगा, दाढी साधूची आणि नखं मात्र फिटरची. एका हातात पत्र्याची थाळी होती, ती त्याने किल्लीने ठण्णदिशी वाजवली.

"गाडी म्हणजे काय रे? लोखंड? छट्! गाडीला जीव असतो. तिला माणूस कळतो. बापाला पोरगा कळणार नाही, पण गाडीला पनवती कळते! काय?"

"कळते, बाबा!" लोक म्हणाले.

त्याने बॉनेट उघडलं, एक ओलं फडकं आत कुठेतरी घातलं, त्यावर तांब्याभर मंतरलेलं पाणी ओतलं, पुटपुटला आणि चटकन गर्दीकडे वळला. बोट वर झालं. ते माणसामाणसावरून फिरू लागलं तशी भलीभली मंडळी आपल्या पापांची उजळणी करू लागली. पण बोट रोज जिथे थांबायचं तिथेच आजही थांबलं, ड्रायव्हरच्या बायकोवर.

"पांढऱ्या पायाची! काढ चपला. जा त्या दगडापाशी. पाय तापला की इंजिन निवतं!"

ती चपला काढून गेली. लांब पांढऱ्या दगडाजवळ वितळत्या डांबरावर उभी राहिली. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. अर्धा-पाऊण तास लोक तिला बघत राहिले. मग बाबाने किल्लीला हात लावला, नवऱ्याने सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. "चालू झाली!" असा जो कल्लोळ झाला, त्यात तिचं मागे राहणं कोणाच्या लक्षातही आलं नाही. ती धावत येऊन बसली.

ही ड्रायव्हरची बायको पलीकडच्या गावात दुपारच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणत. व्हॅनच्या सकाळच्या फेऱ्या सुरळीत जायच्या. दुपारच्या फेरीला बाई बसायची आणि दुपारीच गाडी अडायची. एवढा पुरावा लोकांना पुरे झाला. दुपारच्या फेरीला ऊनही असतं, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर बाईच्याही आलं नाही. मुलांना पाणी उकळून दाखवणारी बाई स्वतः मुकाट उन्हात जाऊन उभी राहत होती. नवरा नजर चुकवायचा, सासूबाई बरोबर असल्या की पदराने वारा घेत म्हणायच्या, "जा बाई, प्रवासी खोळंबलेत." घरात भांडण नको म्हणून बाई जायची, आणि मग अशी सवय लागते की आपलाच आपल्यावरचा विश्वास उडतो. हल्ली वर्गात खडू मोडला तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची.

मग तिला तापच भरला. ती घरी झोपून राहिली. त्या दुपारी सासूबाई नातीला, चार वर्षांच्या ठमीला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला म्हणून व्हॅनमधून गेल्या. आणि चढावर व्हॅन पुन्हा अडली.

बाई तर अंथरुणात होती. आता तरी कोणी म्हणायला हवं होतं की बाबा, तुमचा हिशेब चुकला. पण भक्तांचं असं असतं, की देवमाणूस चुकला तर ते हिशेबच बदलतात. किल्लीबाबा क्षणभर गडबडला, मग त्याने डोळे मिटले.

"आईची सावली लेकीत उतरली आहे."

संध्याकाळी ठमी आजीच्या कडेवरून घरी आली. रडून रडून आवाज बसला होता. दोन्ही तळव्यांना टरारून फोड आले होते.

"काय केलंत हे?" बाई अंथरुणातून उठली.

"मी काय केलं? बाबांनी सांगितलं," नवरा म्हणाला. तो खिडकीकडे बघत होता. "प्रवासी ओरडत होते. आणि... चालू झाली ना गाडी."

"चार वर्षांची पोर आहे ती!"

"पाय आहेत, भरून येतील चार दिवसांत," सासूबाई म्हणाल्या. "गाडी बंद पडली तर खाणार काय? तूच घेऊन आलीस ही पीडा. आणि ऐक, उद्यापासून दोघींनी उभं राहायचंय."

बाई खाली बसली. तिने ठमीला मांडीवर घेतलं, पंचा भिजवला, पिळला आणि हलक्या हाताने तळव्यांभोवती गुंडाळला. ठमी हुंदके देत म्हणाली, "गार वाटतं." बाईचा हात तिथेच थांबला. गार वाटणारच, ओल्या फडक्यातलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. सातवीच्या वर्गाला तिने हे किती वेळा शिकवलं होतं. बाबा रोज तिला उन्हात पाठवायचा तेव्हा इंजिनावरही ओलं फडकंच तर असायचं! आणि त्या फडक्याकडे कोणीही बघत नव्हतं, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. तिला असा संताप आला की अंगातला ताप त्यापुढे गारच वाटावा.

दुसऱ्या दिवशी ती तापातच उठली. "ठमीलाही घ्या," म्हणाली. सूनबाई वठणीवर आली म्हणून सासूबाई खूश झाल्या आणि स्वतःही व्हॅनमध्ये बसल्या.

चढ संपला, व्हॅन अडली. घुर्रर्र, घुर्रर्र. गर्दी तर आज दुप्पट होती. पोर उभी करणार ही बातमी पसरली होती ना! थाळी ठण्ण वाजली. बाबाने बॉनेटला हात घातला, तोच बाईने त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं.

"बाबा, दोष माझ्या पायात आहे ना?"

"पायातच!"

"मग फडकं कशाला?"

"फडकं..." बाबा अडखळला. "फडकं म्हणजे विधीची शोभा!"

"मग आज शोभा राहू द्या. बॉनेटही बंद राहू द्या. मी उभी राहते. दोषाचं प्रायश्चित्त झालं की गाडी चालू व्हायला हवी. काय हो मंडळी, बरोबर की नाही?"

मंडळींना यात काही वावगं दिसलं नाही. बाई उभं राहणार म्हणजे तमाशा होणारच होता. ठमीला सीटवर बसवून, "खाली उतरायचं नाही," असं बजावून बाई चपला काढून दगडाकडे गेली. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. शेवटी बाबाने किल्लीला हात लावला. घुर्रर्र. पुन्हा लावला. घुर्रर्र, घुर्रर्र. बंद बॉनेटखाली इंजिन तंदूरसारखं धगधगत होतं.

"हिच्या मनात किंतु आहे!" बाबा ओरडला.

"तो रोजच असतो," बाई तिथूनच म्हणाली. "मग रोज कशी चालू होते?"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई लंगडत आली, थेट व्हॅनमध्ये चढली आणि ठमीला मांडीवर घेऊन ऐसपैस बसली.

"आता पांढऱ्या पायाच्या दोघी गाडीतच आहेत. अहो, बॉनेट उघडा. हे फडकं त्या छोट्या पंपावर टाका, टाकीतलं पेट्रोल ओढून आणतो त्याच्यावर. टपरीवरची बादली आणा. मंतरू नका, नुसतं ओता."

नवऱ्याने मान खाली घालून ओतलं. फडक्यातून वाफ निघाली. पुन्हा भिजवलं, पुन्हा ओतलं. थोड्या वेळाने त्याने सेल्फ मारला आणि इंजिन धडधडू लागलं. या वेळी कोणी ओरडलं नाही.

"पेट्रोल पाण्यापेक्षा खूप लवकर उकळतं," बाई वर्गात सांगावं तसं सांगू लागली. "चढावर इंजिन तापतं, पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. म्हणून इंजिन फिरतं पण पेटत नाही. पंप निवला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. सकाळी गारव्याला गाडी अडत नाही ती एवढ्याचसाठी. मी उन्हात उभी राहायचे ते तुम्ही फडक्याकडे बघू नये म्हणून!"

"पण उन्हाळा काय यंदाच आला?" सासूबाई फणकारल्या. "गेल्या साली कशी अडली नाही?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर नवऱ्याच्या तोंडून आलं. तो बाबाच्या हातातल्या थाळीकडे टक लावून बघत होता.

"हा... हा आपला पत्रा आहे."

पंप आणि तापलेला धुराचा पाइप यांच्यामध्ये आड म्हणून तो पत्रा असायचा. हिवाळ्यात व्हॅन बाबाच्या पायांवर घालायला आणली, तेव्हा "हा गाडीचा गळा दाबतो," म्हणून बाबाने तो काढून घेतला होता. त्याची खडखडही थांबली, म्हणून नवऱ्याला उलट बरंच वाटलं होतं. त्याने थाळी हिसकून इंजिनाशी धरली. बोल्टाची दोन्ही भोकं बरोबर जुळली. तेवढ्यात कोणीतरी शेडमध्ये घुसलं आणि आतून ओरडलं, "इथे ढीग आहे! अरे, हा तर माझ्या जीपचा!"

कधीकाळी ट्रकवर क्लीनर असलेल्या या बाबाने दुकान बरोबर चढाच्या टोकाला थाटलं होतं. आधी गाडीला रोग द्यायचा, मग औषध द्यायचं, आणि मधल्या वेळात एक बाई उन्हात उभी करायची.

आता इथे गोष्ट संपायला हवी. पण नवऱ्याने पत्रा जुळवताना इंजिन बंद केलं होतं, आणि ते अजून पुरतं निवलं नव्हतं. त्याने किल्ली फिरवली. घुर्रर्र.

माना पुढे झाल्या. मग मागून एक आवाज आला, "पनवती अजून इथेच आहे!" आणि नजरा वळल्या. या वेळी बाईकडे नाही, बाबाकडे.

चौघांनी त्याला धरला. चपला काढून भिरकावल्या आणि फरफटत त्याच पांढऱ्या दगडापाशी नेऊन उभा केला. बाबा माकडासारखा उड्या मारू लागला.

"अरे, पंप तापलाय! फडकं टाका फडकं! वाफ अडकलीय! पाणी ओता रे, लगेच पेटेल!"

आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता आणि त्याच्यावर कोणाचाही विश्वास बसत नव्हता.

"पाय तापू दे," लोक हसत ओरडले, "इंजिन निवेल!"

बाई लगेच उठली नाही. ठमीचे तळवे हातात धरून ती बसून राहिली आणि ते ओरडणं ऐकत राहिली. तिला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग बऱ्याच वेळाने नवऱ्याने सेल्फ मारला, उघड्या बॉनेटखाली निवलेलं इंजिन पेटलं आणि पुन्हा तोच कल्लोळ झाला. "चालू झाली! बघा, हाच होता पनवती!" नवरा सगळ्यांत मोठ्याने ओरडला. सासूबाईंनी कपाळाला हात लावून म्हटलं, "सुटलो बाई एकदाचे."

तेव्हा मात्र बाई उठली. ती खाली उतरली, बाबाच्या चपला शोधल्या आणि त्याच्यापुढे टाकल्या.

"घाला. तुम्ही लबाड आहात. चौकीत जाऊन ते नीट सांगा. पण तुम्ही पनवती नाही. पनवती कोणीच नसतं."

मग ती गर्दीकडे वळली. "गाडी अडली तर पेट्रोल येतंय का बघा, ठिणगी पडतेय का बघा, हवा मिळतेय का बघा. कोण कुठे उभं आहे ते बघू नका. एवढंच डोकं लावा हो, हात जोडते."

लोकांनी माना डोलावल्या. लोक माना नेहमीच डोलावतात. नवऱ्याने पुढचं दार उघडून धरलं, "बस ना. आता कसली भीती?"

"पेट्रोल का उकळलं ते मला कळलं," बाई म्हणाली. "पोर रडत असताना तुम्ही खिडकीकडे का बघत होतात, ते सांगा. मग बसते."

तो गाडीच्या खिडकीकडे बघू लागला. बाईने आपल्या चपला घातल्या, ठमीला उचलून कडेवर घेतलं आणि उताराने शाळेकडे चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर ठमीने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, उद्या कोण उभं राहणार?"

वाचणाऱ्यांनो, त्या पोरीला उत्तर हवं आहे. तुमच्या रस्त्यावर एखादी गाडी अडेल तेव्हा ते द्या, आणि बॉनेट उघडून द्या.