दुसरी चूल

"अगं हळू! पायावर पडली तर माझ्या पायाचं बिल काही सरकार भरणार नाहीये," नेल्दा ओरडली आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवला, कारण समोरच्या घराची खिडकी उघडी होती.

यास्नानं शेगडीची आपली बाजू आणखी उचलली. दोन बर्नरची ती जुनी गॅसची शेगडी शेजारच्या नेल्दाची. कुंपणाच्या पलीकडून आणून दोघींनी ती चिखलातून, कोंबड्यांना लाथेनं बाजूला सारत, मागच्या फळ्यांच्या खोलीत नेली. त्या खोलीत यास्ना आणि तिचा नवरा रामिरो पाच वर्षं झोपत होते. फक्त झोपत होते. जेवण समोर, सासूच्या घरात, सासूच्या लाकडाच्या लोखंडी चुलीवर. आज मात्र मुनिसिपालिटीची बाई यायच्या आत इथंही एक चूल असायला हवी होती, आणि ती नुसती ठेवलेली नाही, वापरातली वाटायला हवी होती.

"त्यावर थोडं तेल सांड," नेल्दा म्हणाली. "फार चकचकीत दिसतेय. माझ्या घरी इतकी स्वच्छ कधीच नव्हती."

"तूच पुसलीस ना?"

"मग! सरकारी बाई बघणार म्हटल्यावर लाज वाटली मला."

यास्नाला हसू आलं. गॅसची टाकी, मिठाची बरणी, तेलाची बाटली, अर्धं पोतं बटाटे, दोन ताटल्या. सगळं मांडून झालं तरी खोली खोटंच बोलत होती.

खरं तर तिनं हे काही ठरवून केलं नव्हतं. ती मुनिसिपालिटीत गेली होती फक्त विचारायला. लोता गावातल्या सगळ्याच घरांत या हिवाळ्यात विजेचं बिल बघून बायका खुर्चीत मटकन बसत होत्या, पण यांच्या घरात बिल म्हणजे सासूचा, एदुविनाचा, श्वास होता. मासे वाळवायच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, त्यात घरात रोजचा लाकडाचा धूर. आता तिच्या नाकात नळी आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, दिवसरात्र घर्रघर्र. मशीन वीज खात होतं आणि बिल थकलं होतं. कंपनीचा माणूस वीज तोडायची सूचना दाराखालून सरकवून गेला होता. घरात ऑक्सिजनचा एक राखीव सिलिंडर होता, पण तो एक दुपारसुद्धा धड पुरायचा नाही.

काचेपलीकडची बाई म्हणाली होती, की सरकारची सवलत आहे, पण तुमच्या नवऱ्याचा लाकूडगिरणीतला पगार सासूच्या घरात धरला तर तुम्ही उत्पन्नाच्या रेषेच्या वर जाता. आणि मग मान खाली घालूनच तिनं विचारलं होतं, "एकाच चुलीवरचं जेवता का? अंगण एक असलं तरी चालतं, आम्ही चूल बघतो."

"नाही," यास्ना म्हणाली होती. झटक्यात. इतक्या झटक्यात, की बाहेर पडल्यावर रस्त्यावर उभं राहून तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं होतं.

रामिरोनं सकाळी बूट घालता घालता हात वर केले. "मला खोटं बोलता येत नाही बाई, माझे कान लाल होतात. मी कामावर जातो. तुम्ही बघा." आणि एदुविनानं तर चार दिवस या विषयावर एक शब्द काढला नव्हता. प्रार्थनेला जाणारी बाई. वाण्यानं चुकून जास्त सुटे दिले तर परत चढण चढून द्यायला जाणारी.

"सासूबाई, तुम्ही काही बोलूच नका," यास्नानं सकाळी विनवलं होतं. "धाप लागते म्हणा."

"धाप लागते ते खरंच आहे," एदुविना म्हणाली आणि घेवडे निवडत राहिली.

पाहणीला बाई आली ती यास्नाच्याच वयाची निघाली. नाव इव्हेत, रेनकोट मोठा, बूट चिखलानं भरलेले. आत येताना दारात बूट घासले, कोंबड्यांकडे बघून हसली. यास्नाला वाटलं, चला, चांगली आहे. पण खोलीत शिरल्यावर बाईचं हसू थांबलं आणि डोळे चालू झाले.

"किती वर्षं इथं स्वयंपाक करताय?"

"दोन... दोनेक."

इव्हेत शेगडीजवळ वाकली. शेगडीकडे तिनं बघितलंच नाही, मागच्या फळ्यांकडे बघितलं. त्यांवर बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं.

"भिंतीवर तेलाचा एक थेंब नाही."

"मी पुसते."

"रोज?"

"रोज," यास्ना म्हणाली. आता तिचेच कान लाल झाले होते.

"माझ्या घरी येऊन शिकवा मला," इव्हेत म्हणाली, पण थट्टेत नाही. "चला, आता सासूबाईंना भेटू."

अंगण ओलांडायला किती वेळ लागतो? तेवढ्यात यास्नानं दहा वेळा मनात म्हटलं, की आपणच सांगून टाकावं. मग मशीनचा आवाज ऐकू आला आणि तिनं ओठ मिटले.

आत चुलीवर पातेलं रटरटत होतं. घेवडे, भोपळा आणि शेवया. एदुविना खुर्चीत ताठ बसलेली, केस ओले करून मागं बांधलेले, रविवारचा स्वेटर. इव्हेतनं नमस्कार केला, मशीनकडे बघितलं, डॉक्टरचा कागद बघितला. आणि मग, अगदी सहज, जवळचं फडकं घेऊन पातेल्याचं झाकण उचललं.

"एवढं? एकटीसाठी?"

झालं! यास्नाच्या डोक्यात चारपाच उत्तरं एकदम आली आणि एकही कामाचं नव्हतं. पातेलं तिघांचं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"सवय," एदुविना म्हणाली. "जाईल हळूहळू."

इव्हेतनं झाकण ठेवलं. "वेगळं का झालात, एदुविनाबाई?"

"आजी, तुम्हाला धाप—" यास्ना मध्ये पडली. घाईत 'आजी' म्हणाली, जे ती कधीच म्हणत नसे.

"धाप लागली की थांबेन मी," एदुविना म्हणाली. तिनं नळी नीट केली आणि सरळ इव्हेतकडे बघितलं. "तिला माझ्या हातचं आवडत नाही."

मशीन घर्रघर्रत राहिलं.

"म्हणजे ती तसं म्हणत नाही. पोरगी चांगली आहे. ताट वाढलं की छान झालंय म्हणते. मग मी पाठ फिरवली की मीठ घालते. मला समोरच्या कपाटाच्या काचेत दिसतं." एदुविनानं श्वास घेतला. "मुलगा कामावर असला की म्हणायची, भूक नाही. आणि शेजारणीकडे जाऊन अंडं खाऊन यायची. परत आली की अंगाला तळल्याचा वास. मी विचारायची, कुठं होतीस? म्हणायची, कपडे वाळत घालत होते. त्या वेळी बाहेर पाऊस असायचा."

इव्हेत लिहायची थांबली होती.

"पहिलं वर्ष मला राग यायचा. मी मुद्दाम अळणी करायची, बघू कधी तोंड उघडते ते. नाही उघडलं. मग राग गेला. मग वाईट वाटायला लागलं." पुन्हा श्वास. "आपल्याच घरात कुणी चोरून जेवू नये. म्हणून एक दिवस मीच म्हटलं, पोरी, तू तुझी चूल मांड."

एदुविना असं कधीच म्हणाली नव्हती. तेवढं एक वाक्य खोटं होतं.

यास्ना कपाटाच्या काचेकडे बघत होती. काचेत टेबल दिसत होतं, तिची रोजची खुर्ची, खुर्चीसमोरची मिठाची वाटी. सगळं स्वच्छ दिसत होतं.

इव्हेतनं पुढं फार काही विचारलं नाही. दोन घरं, दोन चुली, असं तिनं लिहून घेतलं. म्हणाली, आजचा कागद कंपनीला दाखवा, वीज तोडणार नाहीत. सवलत पुढच्या बिलापासून. निघताना फाटकाशी ती यास्नाला हळूच म्हणाली, "भिंत बघून मला शंका आली होती, खरं सांगते. पण इतकं तोंडावर बोलणारी माणसं खोटं बोलत नाहीत." आणि मग नेहमीच्या आवाजात, "मी मधूनमधून न सांगता येते हं. नियमच आहे तसा."

ती वळणावर दिसेनाशी होते न होते तोच कुंपणावरून नेल्दाचं डोकं वर आलं.

"काय झालं? जिंकलो?"

"मिळाली सवलत," यास्ना म्हणाली.

"मग तोंड का असं? मेले, पार्टी दे! बरं, शेगडी संध्याकाळी नेऊ का? मला पाव गरम करायला सुद्धा काही नाही."

"राहू दे तिच्याकडे," खिडकीतून आवाज आला. एदुविनाचाच. "तिला लागेल. तू माझ्या चुलीवर करून ने."

नेल्दानं यास्नाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता खाली उतरली.

यास्ना आत गेली. एदुविना चुलीपाशी उभी होती, नळी खांद्यावरून मागं टाकलेली.

"सासूबाई, ते मिठाचं..."

"बाजूला हो, घेवडे खाली लागतील."

"मी कधी तुम्हाला..."

"झाकणवालं भांडं दे ते. लहान."

यास्नानं दिलं. एदुविनानं डावानं घेवडे काढले. एक डाव, दोन, मग भोपळ्याच्या फोडी शोधून शोधून. झाकण लावलं, फडक्यात धरलं आणि भांडं यास्नाच्या हातात दिलं.

"तुम्हा दोघांचं. आजच्यापुरतं."

"आज इथंच बसतो ना. बाई गेली."

"ती पुन्हा येणार म्हणाली. मी ऐकलं." एदुविनानं फळीवरून एक ताटली काढली. एकच. "भिंतीला तेल लागायला वेळ लागतो, पोरी. आजपासून सुरू कर."

ती हे रागानं म्हणाली असती तर यास्ना भांडली असती. रडून म्हणाली असती तर गळ्यात पडली असती. पण ती भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, आणि यास्ना गरम भांडं घेऊन अंगण ओलांडून मागं गेली. शेगडी पेटवली. भांडं वर ठेवलं. हवी होती ना तिला अशी शेगडी? होती. पाच वर्षं हवी होती. तिनं चव घेतली आणि मिठाच्या बरणीकडे गेलेला हात मागं घेतला.

दुपारी शिफ्ट सुटली आणि रामिरो फाटकातूनच ओरडत आला.

"काय, पास झालो का आपण? माझे कान बघा, कामावर सुद्धा लाल होते! दोस्त विचारत होते, कुठली बाई आठवतेय म्हणून!"

कुणी हसलं नाही. मशीनचा आवाज आला, म्हणजे सगळं ठीक होतं. तो अंगणातल्या नळापाशी थांबला आणि हात धुवायला लागला. समोरच्या दारातून वास येत होता. मागच्या दारातूनही तोच वास येत होता.

"जेवायचं कुठं आज?" त्यानं विचारलं. कुणा एकीला नाही, मध्येच, हवेत.

मागच्या दारात यास्ना डाव धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं. समोरच्या खिडकीतून एदुविनाची पाठ दिसत होती. ती जेवायला बसली होती. तिचा चमचा मध्येच थांबला, पण मान वळली नाही.

रामिरोनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हात झटकले, आणि पुन्हा नळाखाली धरले.