रंभाबाईच्या पाठीचे इरले

मी एक जुने इरले आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावे, झाले गेले विसरावे, असे तुम्हाला वाटत असेल. मला ते जमत नाही.

तुमच्यापैकी जे शहरात राहतात त्यांनी मला पाहिलेले नसेल. भाताची लावणी करताना वाकलेल्या माणसाचे डोके आणि पाठ झाकायची, हे माझे काम. माझा आकार कासवाच्या पाठीसारखा असतो. आमच्या मुळशीकडे पाऊस दिवसदिवस खळत नाही आणि लावणीला दोन्ही हात लागतात. मग छत्री धरणार कोण? म्हणून इरले.

मला माले गावच्या गेणबाने केले. बांबूच्या कामट्या काढून त्याने दोन सांगाडे विणले, मध्ये पळसाची पाने दाबून भरली आणि कडा आवळून बांधल्या. पण त्याआधी त्याने बायकोला, रंभाबाईला, अंगणात वाकून उभे केले आणि कामटीने तिच्या पाठीचे माप घेतले. इरले ज्याच्या त्याच्या पाठीचे असते. दुसऱ्याचे घातले तर पाणी मानेवरून आत उतरते.

"डावा खांदा उतरता हाय तुझा," गेणबा म्हणाला.

"पाण्याचं हंडं वाहून वाहून उतरला. तुमी वाहिलं असतं तर तुमचा उतरला असता."

"मग इरलंबी डावीकडं उतरतं करतो."

"करा. पर लई फुगीर नका करू. बाया म्हणत्याल, रंभा कुठली चोरी पाठीवर घेऊन आली."

असे माझे माप ठरले. डावीकडे थोडे उतरते, मध्ये उंच. पुढे कितीतरी आषाढ मी रंभाबाईच्या पाठीवर काढले. वरून पाऊस ठोकत असे आणि आत ती गुणगुणत असे. पावसाळा संपला की ती मला चुलीवरच्या माळ्यावर टाकी. धुराने माझ्या बांबूला भुंगा लागत नसे. मृगाच्या आधी मला खाली काढून ती माझी पाने बदलत असे. बांधावरून जाणाऱ्या बायका म्हणत, "रंभे, तुझ्या इरल्यातून थेंब येत न्हाई बग." तेव्हा मला फार बरे वाटे.

मग एका माघात रंभाबाईला ताप आला. पौडच्या डॉक्टरकडे न्यायला गेणबाने गाडी जुंपली. गाडी अर्ध्या वाटेतूनच माघारी फिरली.

त्यानंतर गेणबाने मला माळ्यावरून हलवू दिले नाही. त्याचे घर सांभाळायला त्याची विधवा बहीण साळूबाई रिह्याहून आली. लावणी सुरू झाली तशी तिने मला मागितले.

"तितलं काय हलवायचं न्हाई," गेणबा म्हणाला.

"मग मी काय घेऊ, दादा?"

"पोतं हाय की."

साळूबाईने पोत्याची खोळ केली आणि चिखलात उतरली. पोते घटकाभरात भिजून जड होते आणि अंगाला चिकटते. रोज संध्याकाळी ती चुलीपुढे बसून पाठ शेकायची आणि मी तिच्या डोक्यावर, कोरडे, धूर खात पडलेले. माझा पहिला राग इथला आहे. तो गेणबावर आहे.

दुसरा राग मोटारीवर आहे.

त्या वर्षी, म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट साल असेल, मुंबईच्या एका साहेबाने आमच्या घराजवळची एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. त्याच्याकडे शर्यतीची मोटार होती. दरवर्षी शर्यतीआधी तो तिचा पत्रा उतरवून नवा घाट देई. यंदा कसा देणार, हे शर्यतवाल्यांना कळू नये म्हणून तो इतक्या लांब आला होता. पावसात माल्याच्या रस्त्यावर कोण फिरकते? मोटार बाहेर निघाली की थांबेल तिथे तिच्यावर ताडपत्री पडे. मालेकरांनी तिची फक्त चाके पाहिली होती, तरी प्रत्येकाला ती आतून कशी आहे ते ठाऊक होते.

पौडचा नाथा मिस्त्री त्या मोटारीवर कामाला होता. एका दुपारी तो मोटार फिरवून आणत असताना ती आमच्या अंगणासमोर बंद पडली. तिचा मागचा पत्रा अजून बसवलेला नव्हता. पेट्रोलची टाकी आणि तारा उघड्या होत्या. ताडपत्री टाकली तर ती पाण्याच्या भाराने खोलगट होऊन तारांवरच बसायची. नाथा धावत दारात आला.

"साळूआक्का, ताडपत्री वर उचलून धरंल असं काय हाय का? टोपलं, डालगं, कायबी."

गेणबा शेतावर होता. पावसात आडोसा मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही, ही आमच्याकडची रीत. साळूबाईने इकडे तिकडे पाहिले आणि मला खाली काढले.

"संध्याकाळच्या आत आणून दे, नाथा. दादाचा जीव हाय त्यात."

"आत्ता आणतो."

त्याने मला टाकीवर पालथे घातले, दोरीने करकचून बांधले आणि वरून ताडपत्री ओढली. शेजारच्या कुशाबाचे बैल जुंपून मोटार शेडकडे ओढत नेली. मी चिडलेले होते. बाईची पाठ झाकायला जन्मलेले मी, पेट्रोलच्या टाकीवर उकिडवे बसले होते. आणि तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून एक माणूस उठला. छत्रीखाली कॅमेरा लपवून तो किती वेळ बसला होता कोण जाणे. त्याने फोटो काढला आणि पळाला.

नाथाने त्या संध्याकाळी मला परत आणले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साळूबाईने माळ्यावर माझ्या जागी एक सूप उभे करून ठेवले आणि दादाला कळू दिले नाही. हे आणि पुढचे घरचे बोलणे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले.

पुढच्या बाजारच्या दिवशी गेणबा पौडला कोंडिबाच्या हॉटेलात चहाला बसला होता. तिथे काय झाले ते कुशाबाने आमच्या ओट्यावर इतक्यांदा सांगितले आहे की मला पाठ झाले आहे. पुण्याच्या एका पेपरात तो फोटो छापला होता. बैल, मागे ताडपत्री, आणि ताडपत्रीत मागच्या बाजूला एक उंचवटा. त्याच्याकडे बाण काढला होता. कोंडिबा मोठ्याने वाचत होता.

"'जाणकारांच्या मते यंदा यंत्र पुढून काढून मागे नेले असावे.' ऐका. मागं नेलं."

"यंत्र मागं, मग बैल कशाला पुढं?" कुशाबा म्हणाला.

"तुझेच बैल हायेत ते."

"म्हणून तर इचारतोय. माझ्या बैलांचं नाव दिलंय का?"

"दिलं न्हाई. पुढं ऐक. 'काहींच्या मते आत दुसरी टाकी आहे. उंचवट्याची डावी बाजू उतरती ठेवण्यात खोल विचार दिसतो. वळणावर वारा कापला जाऊन मोटार रस्ता धरील.' बघा, डोकी कशी चालत्यात लोकांची."

गेणबाने पेपर मागून घेतला. त्याला वाचता येत नव्हते. त्याने फोटो डोळ्याजवळ धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"ही रंभीची पाठ हाय," तो म्हणाला.

मग कोंडिबा हळूच म्हणाला, "गेणबा, च्या घे. गार झाला."

लोकांना वाटले, बायको गेल्यापासून याचे डोके फिरले. कोणी हसले नाही, तेच त्याला जास्त लागले.

तो तसाच चालत घरी आला, माळ्यावर हात घातला आणि हातात सूप आले.

"साळे, इरलं कुठं हाय?"

साळूबाईने खरे सांगितले. तो तिला नको नको ते बोलला. तिने ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच म्हणाली, "मी पोत्याखाली भिजतीया त्याचं तुला काय न्हाई, दादा. गेलेलीचं इरलं एक दिस भिजलं तर घर डोक्यावर घेतलंस. वयनी असती तर तिनंच काढून दिलं असतं मला."

गेणबा तडक शेडकडे गेला.

शेडमध्ये मी फळीवर पडलेले होते. माझी पाने उपटून कोपऱ्यात टाकली होती. मधली कामटी मोडली होती आणि कडेला खिळे मारले होते. कारण साहेबाने तो पेपर वाचला होता. मुंबईचे शर्यतवाले त्या उंचवट्याने हादरले आहेत, हे ऐकून तो इतका खूश झाला की त्याने खरोखरच तसा पत्रा ठोकायला सांगितला. मला साचा करून नाथाने माझ्यावर तो पत्रा ठोकला होता. लोकांनी ताडपत्रीवरून तर्क केले, तर्कावरून मोटार झाली, आणि मोटारीपायी माझी हाडे मोडली. मला कोणी एका शब्दाने विचारले नाही.

"माझं इरलं," गेणबा म्हणाला.

साहेब हसतच पुढे आला. "अरे, तुझे आहे होय? फार छान वस्तू. आम्ही तुला नवे देतो. दोन देतो."

"दोनांचं काय करू? ती बाई एकच हुती."

साहेबाला कळले नाही. नाथाला कळले. त्याने हातातली हातोडी खाली ठेवली आणि मान खाली घातली. "तात्या, मी आणून देणार हुतो," तो पुटपुटला. मित्रांनो, "देणार होतो" यासारखा वाईट शब्द दुसरा नाही.

गेणबाने ती हातोडी उचलली. मोटारीच्या मागे नवा पत्रा बसवला होता, अजून रंग न दिलेला, चकचकीत. मी फळीवरून पाहत होते आणि मनात म्हणत होते, हाण. एकदा हाण. चेपून टाक. साहेब ओरडला. गेणबाने हातोडी डोक्यावर नेली.

आणि ती तिथेच राहिली. त्याच्यासमोर मध्ये उंच, डावीकडे उतरती अशी पाठ होती. वाकलेली. लावणीत असायची तशी.

त्याने हात खाली आणला. दुसऱ्या हाताचा तळवा त्या पत्र्यावरून फिरवला, वरून खाली, आणि डाव्या खांद्यापाशी थांबवला. मग हातोडी नाथाच्या हातात दिली, मला काखेत मारले आणि पावसात बाहेर पडला. वाटेत त्याने मला डोक्यावर घेतले. माझ्यात पाने नव्हती. तो भिजला.

घरी साळूबाई पाठ शेकत बसली होती. गेणबाने मला माळ्यावर ठेवले आणि दारामागच्या बांबूवर कोयता चालवायला सुरुवात केली. कामट्या निघाल्या तसा तो म्हणाला, "ऊठ. वाकून हुबी राहा."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

ती उठली, पदर खोचून वाकली. तिचा उजवा खांदा उतरता निघाला. गेणबाने तसे इरले केले.

ती मोटार पुढे शर्यतीला गेली. जिंकली की हरली, मला माहीत नाही, आणि जाणून घ्यायचेही नाही. शर्यतीआधी एकदा ती आमच्या रस्त्याने गेली, लाल रंग दिलेली. सगळे गाव पाहायला धावले. गेणबा तेवढा दावणीपाशी पाठ फिरवून उभा राहिला.

मी अजून माळ्यावर आहे. माझी मोडलेली कामटी त्याने बदलली नाही. मित्रांनो, कोणाची वस्तू उचलण्याआधी ती कोणाची, हे विचारत जा, आणि संध्याकाळी आणून देतो म्हणालात तर संध्याकाळीच द्या. पण त्याहून एक मोठी गोष्ट सांगते. गेलेल्या माणसाची आठवण जपायची म्हणून घरातल्या जिवंत माणसाला पोत्याखाली भिजत ठेवू नका. रंभाबाईने मला पाठ झाकायला करवून घेतले होते, धूर खायला नाही.

आषाढ आला की साळूबाई तिचे इरले उचलून बाहेर पडते आणि मी वरून पाहते. राग माझा गेलेला नाही. पण तिची पाठ कोरडी असते.