पट्ट्यावर चढण्याआधी

कॉलनीतल्या शिबिरात फुकट तपासणी होती, म्हणून रीना गेली. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालून आली आणि संध्याकाळी फोन आला. टीएमटी पॉझिटिव्ह आहे, हृदयाला रक्त कमी पडत असावं, हार्टच्या डॉक्टरला दाखवा.

तिचं वय चौतीस. त्या दिवसापासून सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये तिला कुणी बादली उचलू देईना. सासू रुक्मा एरवी भाजीतल्या मिठापलीकडे तिच्याशी फारसं बोलत नसे. ती आता झाडू, पोछा, स्वयंपाक सगळं करू लागली. "तू बस. मी करून राहिली ना." नवरा रोशन प्लांटमधून सारखा फोन करायचा. मुलीला शाळेत सोडायला जायचीही रीनाला भीती वाटू लागली. वाटेतच पडले तर?

रोशन आणि रुक्मा तिला हार्टच्या डॉक्टर अन्नपूर्णा यांच्याकडे घेऊन गेले. त्या मूळच्या गोंदियाच्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि एकेक विचारत गेल्या. चालताना छाती भरून येते? नाही. शुगर, बीपी, तंबाखू? नाही. घरात कुणाला कमी वयात अटॅक? नाही.

"मग ही टेस्ट केली कशाला?"

"फुकट होती," रीना म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "हे सगळं टेस्टच्या आधी विचारायचं असतं. आजार असण्याची शक्यताच इतकी कमी असली, की पॉझिटिव्ह आलेली टेस्टही बहुतेक वेळा खोटी निघते. हाच रिपोर्ट शुगर असलेल्या, छातीत दुखणाऱ्या साठीच्या माणसाचा असता, तर मी घाबरले असते."

"म्हणजे इले काही नाही?" रुक्मानं विचारलं.

"मला तरी तसंच वाटतं, मावशी. पण तुमच्या मनात शंका नको. हिला पट्ट्यावर पळवू आणि लगेच इको काढू, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी."

इको नॉर्मल आला. रोशन भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहिला. रुक्मा बाहेरच्या बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. सासूला रडताना रीनानं कधी पाहिलं नव्हतं.

"आई, आता कावून रडता? सगळं बरं निघालं ना."

"म्हणूनच रडून राहिली. इतके दिवस तुह्यासमोर रडता येत नव्हतं."

रीना तिला खेटून बसली. थोड्या वेळानं रुक्मानं नाक पुसलं.

"कंबर गेली माही झाडू मारून मारून. आता चार दिवस मोहन नगरले पोरीकडे जातो."

"उद्या जा," रीना म्हणाली. "आज माह्या हातचं जेवून घ्या."